नागपूरच्या उन्हाळ्यात लहान रीफ टाकीचे पाणी : बाष्पीभवन, चुन्याची निवळी आणि पूरक क्षारांचे माप

धागाकर्ता (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. माझ्याकडे खाऱ्या पाण्याची एक लहान रीफ टाकी (प्रवाळ ठेवलेली टाकी) असून गेल्या मे महिन्यात तिच्यात जे घडले, ते सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, कोरड्या हवेच्या शहरात अशी टाकी सांभाळताना परदेशी सल्ले जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे मला त्या वेळी कळले. येथे विदर्भातील काही सदस्य नव्याने टाकी लावण्याच्या तयारीत आहेत, त्यांना ते आधी कळावे यासाठी हा धागा.

प्रथम टाकीविषयी. काचेचे बाहेरील माप ६० × ३५ × ४० सेंटिमीटर, म्हणजे हिशेबाने ८४ लिटर. परंतु दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात प्रत्यक्ष पाणी ६० लिटरच मावते. हा आकडा मी टाकी पहिल्यांदा भरताना मापाच्या बादलीने मोजून लिहून ठेवला होता, आणि पुढची सर्व गणिते त्याच्यावर उभी आहेत. ८४ लिटर धरून क्षार घातले असते, तर प्रत्येक मात्रा ४० टक्क्यांनी जास्त झाली असती.

आत दोन क्लाउनफिश, एक कोळंबी (गेल्या मेपर्यंत), काही गोगलगायी, मश्रूम प्रवाळ, झोअँथिड आणि एक लेदर प्रवाळ (तिन्ही मऊ, कठीण सांगाडा नसलेली) आहे. दगड कृत्रिम, भट्टीत भाजलेले आहेत. कठीण सांगाडा घडवणारी सर्व प्रवाळे, तसेच काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे आणि गॉर्गोनियन ही १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरून उचललेला मृत प्रवाळाचा तुकडासुद्धा मी टाकीत घातलेला नाही, आणि कोणी घालू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शब्दांचा एक खुलासा येथेच करतो, कारण त्यावरून पूर्वी गोंधळ झालेला आहे. शाळेच्या भूगोलात ‘क्षारता’ म्हणजे पाण्यातील एकूण मिठाचे प्रमाण, आणि मीही हा शब्द त्याच अर्थाने वापरणार आहे. आम्लाला तोंड देण्याची पाण्याची जी क्षमता आपण डीकेएच या एककात मोजतो, तिला मी सरळ ‘अल्कलिनिटी’ म्हणतो.

आता मूळ घटना. आत कठीण प्रवाळ नसले तरी दगडांवर आणि मागच्या काचेवर जांभळ्या-गुलाबी कोरलाइन शैवालाचा थर चांगला वाढला आहे, आणि हे शैवाल कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही वापरते. हिवाळ्यात सलग आठ दिवस रोज सकाळी सातला अल्कलिनिटी मोजल्यावर दररोजची घट सुमारे ०.३ डीकेएच असल्याचे दिसले. ती भरून काढण्यासाठी मी वाचलेला मार्ग पत्करला : बाष्पीभवनाने कमी होणारे पाणी साध्या आरओ-डीआय (आरओ आणि मग राळेच्या नळीतून काढलेल्या, क्षारमुक्त) पाण्याने न भरता चुन्याच्या निवळीने भरणे. लिटरमागे ०.७५ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे संपृक्त द्रावणाच्या साधारण निम्म्या तीव्रतेची निवळी, मी टॉप-ऑफच्या (उडालेले पाणी भरून काढणाऱ्या) भांड्यात ठेवत असे. जानेवारीत टाकीतून रोज ३०० मिलिलिटर पाणी उडत होते. तेवढ्या निवळीतून टाकीला ०.२८ डीकेएच मिळत होते, म्हणजे हिशेब अगदी तंतोतंत जुळत होता. अल्कलिनिटी तीन महिने ८.२ वर स्थिर राहिली आणि मी रोजचे मोजणे थांबवले. माझी चूक तेथे झाली.

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला. टाकीचे तापमान २६ वर राखण्यासाठी मी पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा दिवसरात्र चालू ठेवला. हवा इतकी कोरडी होती की रोज १.२ लिटर पाणी उडू लागले, आणि स्वयंचलित टॉप-ऑफने तितकीच निवळी इमानेइतबारे आत सोडली. जानेवारीत बरोबर असलेली मात्रा अशी चौपट झाली : टाकीला रोज १.१ डीकेएचच्या आसपास मिळत होते, आणि खप मात्र पूर्वीइतकाच होता. मी तेव्हा चार दिवस गावाला होतो. परतलो तेव्हा अल्कलिनिटी ११.५ होती, सामू (पीएच) सकाळी ८.५ होता, पंपाच्या पात्यांवर आणि हीटरवर पांढरी खरखरीत पुटे चढली होती, वाळूचा वरचा थर घट्ट बांधला गेला होता आणि लेदर प्रवाळ पूर्ण मिटलेले होते. मासे ठीक होते. कोळंबी मात्र मेली.

मी निवळी त्वरित बंद केली आणि टॉप-ऑफला साधे आरओ-डीआय पाणी लावले. आम्ल घालून अल्कलिनिटी खाली ओढण्याचा मोह झाला होता, पण तो आवरला. कारण आकडा वर जाण्याइतकेच तो झटक्याने खाली आणणेही जीवांना त्रासाचे असते. टाकी स्वतःच रोज पाव-तीन दशांश डीकेएच वापरत असल्यामुळे अल्कलिनिटी दहा-बारा दिवसांत साडेआठवर आली. पंप काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवले. लेदर प्रवाळ तिसऱ्या आठवड्यात पुन्हा उघडले.

यातून मी माझी पद्धत बदलली. निवळी हे उत्तम पूरक आहे, परंतु तिची मात्रा बाष्पीभवनाला बांधून ठेवली की नागपुरात ती मात्रा हवामान ठरवते, टाकी नव्हे. येथे मे आणि ऑगस्ट यांतील बाष्पीभवनाचा फरक पाच पटींचा असू शकतो. शैवालाची भूक मात्र ऋतूनुसार पाच पटींनी बदलत नाही. म्हणून आता टॉप-ऑफला वर्षभर केवळ शुद्ध पाणी जाते आणि पूरके मी वेगळी, वजन करून घालतो : रोज रात्री दिवे मालवल्यावर अर्धा ग्रॅम खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात स्टार्च आणि आम्ल असते) एक पेला आरओ पाण्यात विरघळवून, आणि आठवड्यातून एकदा, सकाळी, सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट वेगळ्या पाण्यात विरघळवून. ही दोन द्रावणे कधीही एकत्र किंवा लागोपाठ ओतू नयेत; ओतली तर भांड्यातच खडूसारखा साका बसतो.

माझे सध्याचे आकडे : तापमान २६ अंश, क्षारता दर हजारी ३५, अल्कलिनिटी ८ ते ८.५ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५ (हे चार लिटरमागे मिलिग्रॅममध्ये). आपल्या शंका व अनुभव अवश्य लिहावेत.

प्रतिसाद १ (मनीषनगर, नागपूर)

आपले लेखन अत्यंत उपयुक्त आहे, दादा. मी नुकतीच ४० लिटरची टाकी घेतली असून अजून मीठ कालवलेले नाही, त्यामुळे माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. आमच्या इमारतीला बोअरवेलचे पाणी येते आणि त्याचा टीडीएस (विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण) ६००च्या वर आहे. स्वयंपाकघरातील आरओ यंत्रातून निघालेल्या पाण्याचा टीडीएस ३८ दिसतो. हे पाणी चालेल का? यंत्रावर तांब्याचे चिन्ह असून ते पाण्यात तांबे सोडते असे विक्रेत्याने सांगितले होते.

धागाकर्ता

ताई, ते पाणी कृपया वापरू नका. तांबे माणसाला सूक्ष्म प्रमाणात चालते, परंतु प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी अशा अपृष्ठवंशीय जीवांना ते फार थोड्या प्रमाणातही घातक असते. शिवाय घरगुती यंत्रांत पाण्याला चव यावी म्हणून थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते. आपला ३८ हा आकडा बहुधा त्यामुळेच आहे. बोअरच्या पाण्यातील नायट्रेटही त्या वाटेने आत येते, आणि मग पहिल्या महिन्यातच काचेवर हिरवे शैवाल चढते.

साधे, मिसळण्याची सोय नसलेले आरओ आणि त्यापुढे डीआय राळेची नळी बसवावी, आणि टीडीएस शून्य दिसेल तेच पाणी घ्यावे. राळ संपली की आकडा वर चढू लागतो, म्हणून दर वेळी पाणी भरताना मीटर लावण्याची सवय ठेवावी. पाणी साठवायला खाद्यपदार्थांसाठीचे प्लास्टिकचे पिंप घ्यावे. देवघराजवळचे तांब्या-पितळेचे पिंप कितीही स्वच्छ असले तरी नको. एसीतून ठिबकणारे पाणीही कोणी सुचवेल, पण ते तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरून आलेले असते.

प्रतिसाद २ (सदर, नागपूर)

मी रसायनशास्त्र शिकवतो आणि बारा वर्षांपासून खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवतो. धागाकर्त्यांचे गणित मी पडताळून पाहिले. ते बरोबर आहे. वाचकांना स्वतःच्या टाकीसाठी ते करता यावे म्हणून त्यामागील आकडे देतो.

१ डीकेएच म्हणजे लिटरमागे ०.३५७ मिलिइक्विव्हॅलंट. एक मिलिइक्विव्हॅलंट अल्कलिनिटीसाठी ८४ मिलिग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. म्हणून ६० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला १.८ ग्रॅम सोडा पुरतो, आणि ०.२८ डीकेएचसाठी अर्धा ग्रॅम. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढ करू नये.

कॅल्शियम कार्बोनेट बनताना दोन्ही घटक ठरावीक प्रमाणात खर्च होतात : १ डीकेएचमागे दर लिटर सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम. हे प्रमाण लक्षात ठेवले की एक फार मोठा गैरसमज दूर होतो. एखाद्याची अल्कलिनिटी आठवड्यात २ डीकेएचने उतरली असेल, तर कॅल्शियम केवळ १४ मिलिग्रॅमने उतरलेले असते, आणि बहुतेक टेस्ट किटना तो फरक नीट दिसतही नाही. म्हणूनच रोज किंवा एक दिवसाआड अल्कलिनिटी मोजावी, कॅल्शियम आठवड्याला मोजले तरी चालते, आणि मॅग्नेशियम महिन्याला. मॅग्नेशियम मात्र १२५०च्या खाली जाऊ देऊ नये. ते कमी असेल तर कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यात टिकत नाहीत, लवकर साका होऊन बसतात, आणि माणूस वरून कितीही घालत राहिला तरी आकडे वर चढत नाहीत.

निवळीविषयी दोन गोष्टी. शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालतो आणि ती दुधाळ होते. टॉप-ऑफचे भांडे उघडे ठेवले किंवा सतत ढवळले, तर हवेतील कार्बन डायऑक्साइडने हेच घडते आणि निवळीची ताकद तळाशी साका होऊन वाया जाते. दुसरे असे की साखर किंवा मीठ गरम पाण्यात अधिक विरघळते, परंतु कॅल्शियम हायड्रॉक्साइड गरम पाण्यात कमी विरघळते. तेव्हा उन्हाळ्यात तीव्र निवळी करायला जाल तर न विरघळलेली भुकटीच टाकीत जाण्याचा धोका असतो. निवळीचा सामू १२च्या वर असतो, त्यामुळे डोळे सांभाळावेत. पानाचा चुना वापरण्याचा विचार कोणी करू नये. त्याच्या शुद्धतेची कोणतीही खात्री देता येत नाही.

प्रतिसाद ३ (पुणे)

या चर्चेचा आदर राखून वेगळे मत नोंदवतो. इतक्या लहान टाकीत पूरकांची गरजच काय? दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले, तर चांगल्या समुद्री मिठातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी आणि सूक्ष्म मूलद्रव्ये सर्व काही परत मिळते. मी चार वर्षे असेच करत आहे आणि माझी मऊ प्रवाळे उत्तम आहेत. वजनकाटा आणि रसायने नवख्याच्या हातात देणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद ४ (सदर, नागपूर)

आपल्या टाकीत ते पुरत असेल, याबद्दल मला शंका नाही. परंतु ते का पुरते हे तपासले पाहिजे. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले, तर काही काळाने टाकीतील तूट (नव्या पाण्याच्या तुलनेत) आठवड्याच्या खपाच्या दहापटीवर जाऊन स्थिरावते. ज्या टाकीत फक्त मश्रूम आणि झोअँथिड आहेत आणि रोजचा खप ०.०२ डीकेएच आहे, तिचा आठवड्याचा खप ०.१४, म्हणजे तूट १.४. नवे पाणी ८.५ चे असेल तर ती टाकी ७.१ वर स्थिर राहील, आणि हे नैसर्गिक समुद्राच्या जवळपासच आहे. आपली टाकी बहुधा अशी असावी. धागाकर्त्यांचा आठवड्याचा खप मात्र २ डीकेएच आहे. तेथे १० टक्क्यांचे गणित २० डीकेएचची तूट सांगते, म्हणजे अल्कलिनिटी त्याआधीच इतकी खाली जाईल की शैवालाची वाढ थांबेल.

पाणी बदलण्याचे महत्त्व याने कमी होत नाही. सूक्ष्म मूलद्रव्ये आणि साचलेला सेंद्रिय कचरा यांसाठी त्याला पर्याय नाही.

प्रतिसाद ५ (पुणे)

आपले म्हणणे पटले. मी अल्कलिनिटी कधी सलग मोजलेली नाही. या आठवड्यात रोज मोजून आकडे येथे देईन.

प्रतिसाद ६ (अमरावती)

दुकानदाराने मला आयोडीन, स्ट्रॉन्शियम आणि ‘प्रवाळांचे जीवनसत्त्व’ अशा तीन बाटल्या दिल्या आहेत. आठवड्याला एकेक टोपण घालायला सांगितले आहे. टाकी ७० लिटरची आहे. घालावे का? शिवाय माझा सामू संध्याकाळी ७.८ च दिसतो, त्यासाठी सामू वाढवणारी चौथी बाटलीही त्याने सुचवली.

धागाकर्ता

आपण ज्याचे प्रमाण मोजू शकत नाही ते घालू नये, इतके स्पष्टपणे मी सांगेन. समुद्राच्या पाण्यात आयोडीन लिटरमागे सुमारे ०.०६ मिलिग्रॅम असते. ७० लिटरच्या टाकीत ते सर्व मिळून ४ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्या बारीक हिशेबात ‘एक टोपण’ हे माप बसत नाही, आणि आयोडीन जास्त झाले तर ते विषारी ठरते. आपल्या मऊ प्रवाळांना पाणी बदलताना मिठातून मिळते तेवढे पुरते.

सामूसाठी बाटली घेण्याआधी एक प्रयोग करावा. टाकीतील पेलाभर पाणी गच्चीवर किंवा बाल्कनीत नेऊन त्यात हवेच्या पंपाने तासभर बुडबुडे सोडावेत आणि पुन्हा सामू मोजावा. तो वर गेला, तर दोष पाण्यात नसून खोलीतील हवेत आहे. दारे-खिडक्या बंद करून एसी लावला की माणसांच्या श्वासाने खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो पाण्यात उतरून सामू खाली ओढतो. अशा वेळी सामूवर्धक घालत राहिल्यास अल्कलिनिटी मात्र भलतीकडे चढते. माझ्याकडे कूलर असतो, म्हणजे एक खिडकी उघडीच असते, आणि माझा सामू उन्हाळ्यात उलट चांगला राहतो.

प्रतिसाद ७ (वर्धा)

कूलरचा विषय निघाला म्हणून विचारते. कूलरच्याच खोलीत टाकी ठेवली, तर वेगळा पंखा लागत नाही ना? आणि वीज गेली तर काय करावे? आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की दोन-तीन तास लाइट नसते.

प्रतिसाद ८ (सदर, नागपूर)

पाण्यावरचा पंखा बाष्पीभवनानेच टाकी थंड करतो. कूलर खोलीचे तापमान उतरवतो, परंतु तीच हवा दमट करतो, त्यामुळे पंख्याचा परिणाम काहीसा कमी होतो. तरीही नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत तप्त नऊ दिवसांत) कूलर आणि पंखा दोन्ही लागतात असा माझा अनुभव आहे. जुलैत मात्र बाहेरचीच हवा दमट असते. तेव्हा पंखा टाकीला फारसे थंड करत नाही, आणि तापमान २८च्या वर राहू लागले तर चिलर किंवा एसी यांचाच विचार करावा लागतो. कूलरचा झोत टाकीवर थेट येऊ देऊ नका. डासांसाठी खोलीत फवारणी करत असाल तर ती टाकीच्या खोलीत पूर्ण बंद करा. पायरेथ्रॉइड कीटकनाशके कोळंबी आणि मासे दोघांनाही मारतात, आणि हवेचा पंप ती हवा थेट पाण्यात ओढतो.

वीज गेल्यावर पहिला धोका प्राणवायूचा असतो, कारण गरम आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या आणि त्या काळात खाद्य घालू नका.

प्रतिसाद ९ (मनीषनगर, नागपूर)

मी डीआय नळी बसवली. आता आकडा शून्य येतो. काल पहिल्यांदा मीठ कालवले, परंतु पाणी दुसऱ्या दिवशीही ढगाळ आहे आणि बादलीच्या तळाशी पांढरा थर बसला आहे. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारतामापक) ३५ दाखवतो. हे पाणी टाकीत ओतू का?

धागाकर्ता

थांबा, ताई, अजून ओतू नका. पाणी गच्चीवरील टाकीतून आरओत येऊन थेट बादलीत पडले होते का? मे महिन्यात ते हाताला कोमट लागते, आणि कोमट पाण्यात मीठ टाकले तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका लगेच बसतो. त्या पाण्याची अल्कलिनिटी मोजून पाहा. पाकिटावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा ती बरीच कमी भरेल. पुढच्या वेळी पाणी रात्रभर घरात ठेवून २५ अंशांपर्यंत येऊ द्यावे, आधी पाणी घेऊन त्यात थोडे थोडे मीठ टाकावे, आणि छोट्या पंपाने ढवळत ठेवावे. पाकीट उघडल्यावर हवाबंद डब्यात भरावे, नाहीतर पावसाळ्यात ते ओल धरून दगड होते आणि पुन्हा हाच साका मिळतो.

रिफ्रॅक्टोमीटर शून्य टीडीएसच्या पाण्याने जुळवला असेल, तर तो ३५ च्या प्रमाणित द्रावणानेही एकदा जुळवून घ्या. शून्यावर बरोबर असलेले यंत्र ३५ वर एक-दोन अंशांनी चुकू शकते.

प्रतिसाद १० (मनीषनगर, नागपूर)

पाणी कोमटच होते. अल्कलिनिटी ५.५ आली, पाकिटावर ८ लिहिले आहे. ते पाणी टाकून देत आहे. दुसरी बादली काल रात्री बैठकीच्या खोलीत भरून ठेवली होती, आज सकाळी तिचे तापमान २७ होते. दुपारी एसी लावल्यावर मोजून मग मीठ घालते आणि उद्या सकाळी सातला आकडे येथे लिहिते.